आधी राजीनामा, मग सही

मासेमारीबंदी आहे, होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या आहेत, त्यामुळे मालवण बंदरावरचा आमचा कट्टा सध्या सकाळी दहालाच भरतो. काल विषय मीच काढला. आमच्या भागात एका पक्षाचं जिल्हाध्यक्षपद वीस-बावीस वर्षं सांभाळलेले एक गृहस्थ आता ट्रस्ट काढतायत. शाळांना मदत, डायलिसिसची सोय, असं बरंच मनात आहे. कारभार स्वतः बघणार. मला म्हणाले, विश्वस्त म्हणून ये. ट्रस्टच्या घटनेचा मसुदा माझ्या खिशात होता.

तात्यांनी तो हातातही घेतला नाही. “इलेक्शनात पडलो म्हणान समाजसेवा सुचली. निवडून इलो आसतो तर काढल्यान आसतो ट्रस्ट?”

मास्तर म्हणाले, “सगळेच पडून येत नाहीत. नानाजी देशमुखांचं बघा.” आणि मग तासभर नानाजीच चालले.

माणूस मूळचा आपल्या मराठवाड्यातला, आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचा, जन्म 1916 चा. पण उभं आयुष्य उत्तर प्रदेशात. तिथे जनसंघ जिल्ह्याजिल्ह्यात उभा केला तो त्यांनी. 1967 मध्ये चरणसिंगांचं बिगर-काँग्रेस सरकार आलं, त्यामागच्या जुळवाजुळवीतही ते होते. 1974 मध्ये पाटण्यात जयप्रकाशांवर लाठ्या पडल्या तेव्हा मध्ये पडले. आणीबाणीत तुरुंग, 1977 ला बलरामपुरातून लोकसभा, समोर मंत्रिपद. ते घेतलं नाही. साठी ओलांडलेल्यांनी सत्तेपासून लांब राहावं असं स्वतःच म्हणाले आणि पुढच्याच वर्षी सक्रिय राजकारण सोडून गोंडा जिल्ह्यात गेले.

“ताट समोर वाढलेलं असताना उठला तो,” मास्तर म्हणाले. “तुमच्या पडलेल्यांच्या रांगेत त्याला बसवू नका.”

तात्या गप्प बसणारे नव्हेत. “उठलो, ह्या खरा. पण संस्था कोणाच्या ओळखीर उभी रवली? दीनदयाळ शोध संस्थान तेंनी 1972 तच काढल्यानी, पक्षात आसतानाच. नाव पक्षाच्याच नेत्याचा. आणि 1999 त परत राज्यसभेत गेलेच ना?”

मुद्दा खोटा नाही. राज्यसभेवर ते राष्ट्रपतिनियुक्त होते, निवडणूक लढवून गेले नव्हते, हे मी सांगितलं. पण ओळखींचं तात्या म्हणतात ते खरंच आहे, आणि मला त्यात काही वावगंही वाटत नाही. वीस वर्षं पक्ष बांधणाऱ्याकडे दुसरं काय असतं? गावोगावची माणसं नावानिशी माहीत असणं, दोन भांडणाऱ्यांना एका सतरंजीवर बसवता येणं, पैसे मागायची लाज नसणं. हीच त्याची मिळकत. प्रश्न एवढाच की ती तो कुठे खर्च करतो. गोंड्यात नानाजींनी ती पाण्यावर खर्च केली. लोखंडी पाइप परवडेना म्हणून बांबूच्या कूपनलिका बसवल्या. (बांबू म्हटल्यावर तात्यांनी मान वर केली. त्यांच्या परड्यात दोन बेटं आहेत.) पुढे चित्रकूटला शिकलेली जोडपी गावात राहायला पाठवली, समाजशिल्पी दांपत्य म्हणून. तिथल्या ऐंशीएक गावांत खटले जवळपास उरले नाहीत, याचं अब्दुल कलामांनी राष्ट्रपती असताना जाहीर कौतुक केलं होतं. कोकणात राहून मला हे सगळ्यात मोठं वाटतं. आमच्याकडे सामायिक सातबाऱ्यावरची आणि गडग्यावरची भांडणं आजा मेला तरी नातवाकडे चालू राहतात.

“आमच्या आप्पासाहेबांनी काय कमी केल्यानी?” तात्यांनी विचारलं. आप्पासाहेब पटवर्धन, आमच्या कोकणातले गांधीवादी. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून त्यांनी अन्नत्याग केला, त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपास धरला. नंतर 1948 ला कणकवलीत गोपुरी आश्रम. “तो माणूस झाडू घेवन स्वतः उतरलो. हे तुझे अध्यक्ष उतरतले?”

इतका वेळ वैनी ऐकत होत्या. त्या बचतगटांचे हिशेब बघतात. त्यांनी माझ्या हातून मसुदा घेतला आणि चष्मा लावून वाचला.

“झाडूचा नंतर बघा. पक्षात पावती फाडली की काम झाला, संस्थेत थयसूनच हिशेब सुरू. एक विश्वस्त बदललो तरी नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्ताकडे कळवूचा लागता. आणि पैसे खयसून आणतले? मोठ्या कंपन्यांक नफ्यातले दोन टक्के समाजकामार खर्चूचे लागतत, तो सीएसआर मागतले, पण पक्षाक दिलेली देणगी तेच्यात धरीत नाय. ट्रस्ट म्हणजे पक्षाचा दुसरा दुकान, असो वास इलो तर खयची कंपनी देतली? परदेशातसून तर पक्षाच्या पदाधिकाऱ्याक पैसो घेवकच येना नाय, कायदोच आसा.” मग बोट मसुद्यावर ठेवलं. “सात विश्वस्त. तेतूर चार पक्षाचे तालुकाध्यक्ष. आजून पदार आसत.”

हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. मी डायलिसिसपर्यंतच वाचलं होतं. इथल्या माणसाला त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा लांब जावं लागतं, घरातलं एक माणूस सोबत, म्हणजे दोघांचा रोज बुडाला. त्या एका ओळीवर मी सही करायला निघालो होतो.

तात्यांना वाटलं आता मी नाही म्हणणार. पण मला नाही म्हणायचं नाही. ही सोय झाली पाहिजे, आणि ती उभी करायची धमक या गृहस्थांत आहे हे मी महापुराच्या वेळी पाहिलंय. मास्तरांनी पेन दिलं. चार नावांपुढे मी फुल्या मारल्या, एका जागी वैनींचं नाव घातलं. त्या आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या, “हिशेब दर तीन म्हयन्यांनी गावासमोर वाचूचो, तर येतंय.” तेही लिहिलं. वर, अध्यक्षांच्या नावाशेजारी लिहिलं: पक्षाच्या सगळ्या पदांचा राजीनामा आधी दाखवावा.

तात्यांनी ते वाचून घेतलं. “मी येतंय तुझ्याबरोबर,” म्हणाले. “नारळी पुनवेच्या आधी जावया. मगे होडी पाण्यात गेली की माका सवड नाय.”