सोमवारचा भूतकाळ

दर सोमवारी सकाळी साडेनऊला माझा भूतकाळ उकरला जातो. म्हणजे ऑफिसची ऑनलाइन मीटिंग असते आणि प्रत्येकानं गेल्या आठवड्यात काय काय केलं ते इंग्रजीत सांगायचं असतं. कामाची मला धास्ती नाही. काम मी करते. पण केलेलं काम साध्या भूतकाळात सांगायची वेळ आली की पोटात गोळा येतो, कारण ज्या क्रियापदाला हात लावावा तेच नेमकं वाकडं निघतं.

शाळेत बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, क्रियापदाला 'एड' लावा, झाला भूतकाळ. वर्ग खूश. दुसऱ्या दिवशी पाठांतराला तक्ता आला: गो, वेन्ट, गॉन. नियम पाच मिनिटांत संपला होता, अपवाद दहावीपर्यंत पुरले. अशी वाकडी क्रियापदं दोनशेच्या आसपास आहेत. तीही अडगळीतली, सठीसामाशी लागणारी असती तर माझी तक्रार नव्हती. पण इंग्रजीत सर्वांत जास्त वापरली जाणारी दहा घ्या: बी, हॅव, डू, से, मेक, गो, टेक, कम, सी, गेट. दहाच्या दहा बेशिस्त! ऑफिसातही असंच असतं म्हणा. ज्यांच्यावाचून अडतं ते कधीही येतात, मस्टरवर वेळेत सही करतो तो कारकून.

यामागे कारणही तेच आहे. जे रोज तोंडात असतं त्याचं जुनं रूप कोणी विसरत नाही, म्हणून ते टिकतं. क्वचित लागणाऱ्याचं रूप लोक विसरतात आणि मुकाट 'एड' लावून मोकळे होतात. शेक्सपिअरच्या काळात 'हेल्प'चं 'होल्प' होत असे, आता ते 'हेल्प्ड' होऊन रांगेत उभं आहे. उलट 'स्नीक' चांगलं सरळ मार्गानं चाललेलं क्रियापद, त्याला अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'स्नक' व्हायची हौस आली. संगत, दुसरं काय!

बरं, सरळ 'एड'वाली तरी सरळ असावीत. कितीतरी वर्षं मी ठणकावून 'वॉक-एड', 'स्टॉप-एड' म्हणत होते. मग कळलं की ते 'वॉक्ट' आणि 'स्टॉप्ट' आहे, 'कॉल'चं मात्र 'कॉल्ड', आणि 'एड' पुरता उच्चारायचा तो 'वॉन्टेड'सारख्या, मुळातच ट किंवा ड शेवटी असलेल्यांना. लिहायचं एक, बोलायचं तीन तऱ्हांनी. 'रीड'नं तर कमालच केली आहे. स्पेलिंगला धक्का न लावता भूतकाळात ते 'रेड' होतं.

मग मी युक्ती काढली. काम नाही, क्रियापद निवडायचं. नव्या मुलीला मी आठवडाभर शिकवलं, पण 'टॉट' की 'टीच्ड' या घोळात तो मुद्दाच गाळला. 'ट्रेन्ड' हा सोपा शब्द सुचेपर्यंत तिला शिकवल्याचं श्रेय शेजारच्या टेबलानं घेऊन टाकलं होतं. माझी लाडकी क्रियापदं म्हणजे कट, शट, सेट, पुट. काल, आज, उद्या, कधीही बघा, चेहरा तोच. त्या महिन्यात मी इतकं काही 'पुट' केलं, आय पुट द फाइल, आय पुट द डेटा, आय पुट द नोट, की ऐकणाऱ्याला वाटावं ही बाई हमालीच करते.

त्यानंतर 'डिड' सापडलं. प्रश्नात आणि नकारात भूतकाळाचं ओझं 'डिड' उचलतं आणि क्रियापद मूळ रूपात आरामात बसतं, हे मला ठाऊक होतं. मग होकारात का नको? पुढच्या सोमवारी मी धडाक्यात सुरू केलं: आय डिड सेंड द रिपोर्ट, आय डिड कॉल द क्लायंट, आय डिड चेक द बिल्स. प्रत्येक 'डिड'वर जोर, कारण जीव त्याच्यावरच होता. तिसऱ्या वाक्याला साहेबांनी चष्मा काढला आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "नोबडी इज सेइंग यू डिडन्ट." होकारातलं ते 'डिड' म्हणजे 'पाठवला म्हणजे पाठवला, काय म्हणणं आहे तुमचं?' असं असतं, हे मला मीटिंगनंतर एका सहकाऱ्यानं सांगितलं. तोवर मी तीन वेळा भांडून झाले होते.

घाबरून दुसऱ्या टोकाला गेले. आता 'डिडन्ट'पुढेही भूतकाळ लावू लागले: आय डिडन्ट सेंट. 'एड' म्हणजेच झिजलेलं 'डिड' असावं, असं बऱ्याच भाषातज्ज्ञांचं मत आहे. म्हणजे 'डिडन्ट वॉक्ड' म्हणणारा एकाच कामाची दोन बिलं लावतो.

पण खरा घात केला तो मराठीनं. एकदा साहेबांचा मेसेज आला, कुठे आहात? मी घरात, एका हातात कंगवा, दुसऱ्या हातानं किल्ली शोधतेय. मनात आलं 'पोचलेच!' आणि बोटांनी लिहिलं, 'आय रीच्ड.' साहेबांनी पाहुण्यांना मीटिंग रूममध्ये बसवलं आणि मला घ्यायला स्वतः दारापर्यंत गेले. आता यात माझं काय चुकलं? आपल्याकडे 'आले, आले' म्हणणारी बाई अजून उठलेलीही नसते, आणि 'मेले!' म्हणणारी ठणठणीत असते. इंग्रजीत मात्र पोचली म्हणजे पोचली, ती दिसली पाहिजे.

बरं, तेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. मध्यंतरी साहेब फोनवर म्हणाले, "आय वॉन्टेड टू आस्क समथिंग." मी गप्प. विचारायचं होतं, आता नसेल. दोन्हीकडे बराच वेळ शांतता. ती त्यांची नम्रता होती म्हणे. अदबीनं बोलायचं असलं की हे लोक चालू इच्छाही भूतकाळात ढकलतात.

परवा चार वर्षांची भाची कागद नाचवत आली. "मावशी, हे चित्र मी करलं!"

"करलं नाही गं, केलं."

"पण मी धरलं, भरलं, मग करलं का नाही?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कर–केलं, मर–मेला, ये–आला, हो–झालं, सगळा तक्ता डोळ्यांपुढून सरकला. 'गो'चं 'वेन्ट' कसं होतं म्हणून मी वर्षानुवर्षं कुरकुरले. ते 'वेन्ट' मुळात 'वेन्ड' या वेगळ्याच क्रियापदाचं, 'गो'नं पळवलेलं. आणि आपलं 'जा'? ते संस्कृत 'या'चं पोर, 'गेला' मात्र 'गत'मधून, 'गम्'च्या घरचं. तीच चोरी, तोच माल. वर आपल्याकडे निबंध लिहिला, चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिलं, असं क्रियापदाला कर्माच्या मागे फिरावं लागतं. तिकडे एका 'रोट'मध्ये तिन्ही उरकतात.

"तसंच असतं ते," मी भाचीला म्हटलं. हुबेहूब शाळेतल्या बाईंच्या आवाजात.

उद्या पुन्हा सोमवार आहे. पण या खेपेला मी निवांत आहे. 'डिडन्ट'पुढे क्रियापद मूळ रूपात राहतं, हे आता पक्कं झालंय. आय डिडन्ट राइट, आय डिडन्ट सेंड, आय डिडन्ट टीच. एकही चूक होणार नाही. त्यासाठी गेला आठवडाभर मी कशालाही हात लावलेला नाही.