हातातला कप आणि इतवारीची गादी

नागपूरच्या इतवारीतल्या एका साड्यांच्या दुकानात माझ्या भाचीला दारातच थांबवलं गेलं आणि त्यावरून आमच्या घरच्या ग्रुपवर जोराचं भांडण झालं. मैत्रिणीच्या लग्नाचा बस्ता होता, मे महिन्यातली दुपार होती आणि धरमपेठेतून निघताना घेतलेला कोल्ड कॉफीचा कप तिच्या हातात होता. दुकानदार म्हणाले, "ताई, तो कप बाहेर ठेवून द्या ना जी, मग काय पाहायचं ते आरामात पहा." ती म्हणाली, "मी काय सांडवून राहिली का?" शेवटी कप पायरीवर राहिला, आणि ती बाहेर आली तोवर कुणाच्या तरी पायाने लवंडला होता.

दादाचं म्हणणं, दुकानदाराचं बरोबर होतं, गादीवर कप घेऊन कोण बसतं? चुलतभावाचं म्हणणं, हजारोंची खरेदी करायला आलेल्या पोरीला दारात अडवणं हा अपमान आहे. आणि भाचीने मला साक्षीला ओढलं: "आत्या, तूच सांग. तिकडे तर सगळे कप हातात घेऊनच फिरतात ना?"

तिकडे म्हणजे जर्मनीत, स्टुटगार्टला, जिथे माझा संसार आहे. फोनवरच्या चार ओळींत हे उत्तर मावणारं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगते. कप आत येऊ न देणं योग्य होतं. पण तो ठेवायला पायरी दाखवणं मुळीच योग्य नव्हतं.

आता "तिकडे" काय चालतं ते. आमच्या शहराच्या मधोमध क्योनिगश्ट्रासे नावाचा फक्त पायी चालणाऱ्यांसाठीचा रस्ता आहे, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा, दोन्ही बाजूंनी दुकानं. शनिवारी तिथे पाहिलं तर खरंच अर्ध्या लोकांच्या हातात कॉफीचा कप दिसतो. भाचीने सिनेमात पाहिलं ते एवढंच. पण त्याच रस्त्यावर बऱ्याच कपड्यांच्या दुकानांच्या काचेवर, दाराच्या मुठीजवळ, एक छोटं चित्र चिकटवलेलं असतं: आइस्क्रीमचा कोन, त्यावर लाल तिरकी रेघ. कधी शेजारी पेल्याचंही चित्र. लोक ते पाहतात, दाराशी दोन मिनिटं थांबतात, कप संपवतात, कचरापेटीत टाकतात आणि मग आत जातात. बरोबर कुणी असेल तर एकजण कप धरून बाहेर उभा राहतो. जिथे चित्र नसतं तिथेही रेशमी स्कार्फच्या मांडणीजवळ कप घेऊन जाणारं माणूस मी क्वचितच पाहिलं आहे. किराणा दुकानात मात्र कुणी काही म्हणत नाही. तिथे सगळं डब्यांत, पाकिटांत बंद असतं, सांडलं तर फरशी पुसली की झालं.

यामागे निव्वळ शिस्त नाही, हिशेबही आहे. दुकानात कुणाला कशासह येऊ द्यायचं हे ठरवण्याचा हक्क तिथे कायद्यानेच दुकानमालकाचा मानला जातो. आणि तुमच्या निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या मालाचं नुकसान झालं तर भरपाई तुम्ही द्यायची, हेही कायद्यात स्पष्ट आहे. म्हणून तर बहुतेक जर्मन घरांत अशा नुकसानभरपाईचा वेगळा विमा काढलेला असतो. शेजाऱ्याच्या गालिच्यावर वाइन सांडली, दुकानात फुलदाणी फुटली, तर तो विमा कामाला येतो. हातातला कप ही आपली जबाबदारी आहे, हे तिथलं पोर शाळेच्या वयात शिकतं. आपल्याकडे कॉफी साडीवर सांडली तर काय होईल? दुकानदार भरपाई मागायला संकोचेल, ग्राहक "चुकून झालं" म्हणेल, आवाज चढतील, आणि शेवटी ओरडा बसेल तो साड्या उलगडणाऱ्या पोराला. त्याच्याकडे विमा नाही आणि दुकानदाराकडेही बहुधा नाही.

शिवाय इतवारीतलं साडीचं दुकान म्हणजे हँगरला लटकवलेल्या टी-शर्टांचं दुकान नव्हे. पांढरी चादर घातलेली गादी, चपला बाहेर, आणि समोर एकावर एक उलगडत जाणाऱ्या साड्या. पैठणी असो की भंडाऱ्याकडची करवत काठी टसर, ती घडीतून निघते, तुमच्या मांडीवर येते, खांद्यावर पडते, तुम्हाला आवडली नाही तर पुन्हा घडी होऊन कपाटात जाते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच बाईच्या खांद्यावर पडते. तीस-चाळीस साड्या उघडल्या जातात तेव्हा एक घेतली जाते. म्हणजे कपातून गळणारा थेंब आपण विकत घेतलेल्या साडीवर पडण्यापेक्षा न घेतलेल्या साडीवर पडण्याचीच शक्यता जास्त. टसरवर दुधाचा आणि साखरेचा डाग बसला की तो घरच्या धुण्याने जात नाही. साधं पाणी पडलं तरी रेशमावर वाळल्यावर कडा उमटते. त्यात बर्फाच्या कपाला बाहेरून घाम फुटतो आणि कूलरच्या दमट हवेत तर तो टपटप गळतो. भाची म्हणते, मी सांडलं नसतं. मी तिच्यावर विश्वास ठेवते. पण ओल्या बोटांनी तिने साडीचा पदर हातात घेतला असता, आणि त्याला सांडणं म्हणत नाहीत.

यावर चुलतभावाने काढलेला मुद्दा चांगला आहे: दुकानदार स्वतःच बस्त्याला आलेल्यांना चहा पाजतो, थंडा मागवतो, तेव्हा गादीला काही होत नाही का? मी लहानपणापासून हे पाहत आले आहे. चहा आला की साड्या उलगडणारा माणूस हात आवरता घेतो. समोरचा ढीग बाजूला सरकवला जातो. ट्रे येतो, चार घोटांचा चहा पिऊन होतो, भावाची घासाघीस थोडी सैल होते, पोऱ्या कप घेऊन जातो आणि मग पुन्हा माल उघडतो. त्या वेळेपुरती खरेदी थांबलेली असते. बरोबर आणलेला कप मात्र तासभर हातात राहतो. एका हातात तो आणि दुसऱ्या हातात काठ, असं चालतं. अडचण कॉफीची नाही, एकाच वेळी दोन्ही कामं करण्याची आहे.

इथवर मी दुकानदाराच्या बाजूची. आता भाचीच्या बाजूचं, आणि ते मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

नागपूरचा मे स्टुटगार्टला बसून समजत नाही. तिथे पारा पस्तिशीला टेकला की बातम्यांत सूचना सुरू होतात. २०१३च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४५ अंश तर आपल्याकडे दरवर्षीचं बोलणं आहे. तोंडाला दुपट्टा बांधून, गाडीची तापलेली सीट झटकत एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाणाऱ्या मुलीच्या हातात काहीतरी थंड असणारच. ती फॅशन करत नव्हती, तिला तहान लागली होती. क्योनिगश्ट्रासेवरचा कप बऱ्याचदा सवयीचा असतो, इतवारीतला कप मे महिन्यात गरजेचा असतो. म्हणून तिकडचा नियम उचलून इथल्या दारावर चिकटवता येणार नाही. तहानलेल्याला थांबवायचं असेल तर त्याच्या तहानेची सोय आधी करावी लागते.

आपल्याकडे ती होती. उन्हाळा लागला की चौकाचौकात पाणपोया बसायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेले माठ, वाळ्याचा वास. रसवंतीवर घुंगरांच्या आवाजात उसाचा रस, ठेल्यावर ताक, लस्सी. हे सगळं उभ्याने, जिथे घेतलं तिथेच प्यायचं, ग्लास परत करायचा आणि मोकळ्या हाताने दुकानात शिरायचं. कप बाहेर ठेवा की आत न्या, हा प्रश्नच तेव्हा पडत नव्हता. ती पद्धत मोडली याला कारणंही खरी आहेत. बादलीतल्या त्याच पाण्यात ग्लास बुचकळून पुढच्याला देणं कुणालाही नको वाटावं असंच होतं, आणि कोरोनानंतर तर लोकांनी एकदा वापरून टाकायच्या कपाचाच आग्रह धरला. मी त्यांना दोष देत नाही. पण त्या कपाबरोबर पेय चालू लागलं, आणि ते चालत चालत कुठेही पोचलं तरी त्याला ठेवायला जागा कुणीच केली नाही.

जर्मनीतही ही जागा आपोआप झालेली नाही, ती भांडून करावी लागली. तिथे वर्षाला गरम पेयांचे सुमारे २८० कोटी कप एकदा वापरून फेकले जातात, असा अंदाज होता. १ जानेवारी २०२३ पासून कायदा आला की बरोबर न्यायचं पेय विकणाऱ्याने परत करता येणारा कपही ठेवलाच पाहिजे, आणि त्याचं पेय महाग विकता कामा नये. जेमतेम पाच माणसांच्या, ८० चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या दुकानाला सूट आहे, पण ग्राहकाने स्वतःचा कप आणला तर तो त्यांनी भरून द्यायलाच हवा. आमच्याजवळच्या ट्युबिंगन गावाने तर २०२२ पासून प्रत्येक टाकाऊ कपावर ५० सेंट कर लावला. खाद्यपदार्थ विकणाऱ्या एका दुकानाच्या चालिकेने त्याविरुद्ध दावा लावला, तो थेट कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयापर्यंत गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये निकाल गावाच्या बाजूने लागला. त्या गावात पन्नास सेंट वाचवायला लोक आता बाकावर बसून काचेच्या पेल्यात कॉफी पिताना दिसतात. म्हणजे जिथे घेतली तिथेच.

महाराष्ट्राने २०१८ मध्येच प्लास्टिकचे कप आणि स्ट्रॉ बंद केले, १ जुलै २०२२ पासून देशभर तशीच बंदी आहे. कायद्यात आपण मागे नव्हतो. पण प्लास्टिकच्या जागी आलेल्या बहुतेक कागदी कपांना आतून प्लास्टिकचाच पातळ थर असतो, नाहीतर कागद भिजला असता. सीताबर्डीच्या मेन रोडवर संध्याकाळी हे कप कुठे असतात ते पाहावं: दुकानांच्या पायऱ्यांवर, फेरीवाल्याच्या पाटीच्या कडेला, मेट्रोच्या खांबांच्या बुडाशी. ज्या मेट्रोसाठी जर्मन सरकारी बँकेने कर्ज दिलं, तिच्याच स्टेशनखाली अर्धे भरलेले कप ओळीने उभे असलेले पाहून मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे एक बाई येते आणि ते एकेक करून उचलते. दुकानात कप नेऊ नका म्हणणाऱ्याने आणि बाहेर पायरीवर कप सोडून जाणाऱ्याने, दोघांनीही तिच्या कामात भर घातलेली असते.

बाकी ठिकाणांचं फार लिहिण्यासारखं नाही. गोकुळपेठेच्या भाजी बाजारात नारळपाणी पीत हिंडलात तर कुणाचं काही बिघडत नाही. पुस्तकाच्या दुकानात कप न्यायचाच नाही, यावर वाद नसावा. सराफाकडे न्यायचा नाही. मॉलमध्ये वरच्या मजल्यावर कॉफी विकायची आणि खालच्या मजल्यावरच्या दुकानाने ती अडवायची, तर ती ठेवायची सोय मॉलनेच केली पाहिजे, कारण दोघांचंही भाडं तोच घेतो. बर्डीच्या शनिवारच्या गर्दीत मात्र गरम चहाचा उघडा कप घेऊन चालू नये, एवढं मी कळकळीने सांगते. आपल्या कोपराची उंची म्हणजे आईचं बोट धरून चालणाऱ्या पोराच्या चेहऱ्याची उंची असते.

आणि इतवारीच्या दुकानदारांना माझी विनंती आहे. "आत खाद्यपेय आणू नये" ही पाटी जरूर लावा, पण दाराच्या आतल्या बाजूला, सावलीत, कमरेच्या उंचीवर एक लाकडी फळी ठोका. गोल खाचा पाडलेली, म्हणजे कप लवंडणार नाही. शेजारी झाकणाची कचरापेटी आणि हात पुसायला एक कोरडा नॅपकिन. चपलांसाठी रॅक करता तसंच हे. फळीवरचा कप आपल्याला दिसतो आहे म्हटल्यावर माणूस निवांत बसून साड्या पाहील. नियम सगळ्यांना सारखा असू द्या. ओळखीची वहिनी आली म्हणून तिचा कप चालतो आणि जीन्स घातलेल्या पोरीचा चालत नाही, असं झालं तर ती पोरगी त्याला अपमान म्हणेल आणि तिचं खरं असेल. भाचीने ग्रुपवर शेवटी लिहिलं होतं की तिच्या आधी आत गेलेल्या एका काकूंच्या हातात थंड्याची बाटली होती. तसं असेल तर माझी बाजू तिथेच बदलते.

एक गोष्ट मात्र कुठल्याही पाटीने अडवू नये, ती म्हणजे फिरकीच्या झाकणाची पाण्याची बाटली. मधुमेहाची माणसं, गरोदर बायका, लहान लेकरं, औषधाची वेळ असलेले आजोबा, यांना ४५ अंशांत पाण्याविना दुकानात बसवायचं नाही. बाटली पर्समध्ये राहील, लागेल तेव्हा साड्यांपासून बाजूला होऊन दोन घोट घेतले जातील. आणि ज्याच्याकडे बाटली नसेल त्याच्यासाठी दुकानाच्या बाहेर एक माठ ठेवा, स्वच्छ, नळाचा, रोज भरलेला. दादाने हे वाचून कळवलं आहे की तो त्या दुकानदारांना ओळखतो आणि फळीचं माप घेऊन जाणार आहे.