गागारिन यानाच्या नव्हे, विमानाच्या अपघातात गेले

‘पहिले अंतराळवीर युरी गागारिन यानाचं पॅराशूट न उघडल्यानं गेले’ हा मेसेज परवा मीही पुढे ढकलला. चूक माझीच.

पॅराशूट उघडलं नाही ते सोयुझ-१ या सोव्हिएत अंतराळयानाचं, २४ एप्रिल १९६७ रोजी. त्यात गेले ते अंतराळवीर व्लादिमिर कोमारोव. गागारिन त्या मोहिमेचे राखीव अंतराळवीर होते. गोंधळ बहुधा तिथूनच.

गागारिन गेले २७ मार्च १९६८ ला, मिग-१५ च्या दोन आसनी प्रशिक्षण विमानात. सोबतचे प्रशिक्षक व्लादिमिर सेर्योगिनही गेले. त्यांचं नाव मेसेजमध्ये नाहीच. २०११ मध्ये खुल्या झालेल्या सोव्हिएत चौकशीच्या कागदांत हवामानाचा फुगा टाळताना घेतलेलं झटक्याचं वळण हे संभाव्य कारण दिलंय.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हे टाका.