‘एकदा लूप भरला की तीन वर्षं निर्धास्त’ हे खरं नाही

लूप म्हणजे कॉम्प्युटर थंड ठेवायला पाणी फिरवणारी बंद साखळी: पंप, प्रोसेसरवर बसणारा धातूचा ब्लॉक, उष्णता हवेत टाकणारा रेडिएटर, पाण्याची टाकी (रिझर्व्हॉयर) आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या. गेमिंग पीसीवाल्या पोरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: कस्टम वॉटर कूलिंगचा लूप एकदा भरला की तीन वर्षं बघायचं काम नाही, पाणी कमी झालं तर घरचं आरओचं टाका, रिकामा करायचा तर खालची नळी काढून पंप चालू करा, तोच पाणी बाहेर फेकेल. हे ऐकून आपल्याकडे कोणी वागलं तर हजारोंचं नुकसान होईल.

सगळ्यात मोठा घात आरओच्या सल्ल्यात आहे. अमरावती-अकोल्याकडचं दर्यापूर, मूर्तिजापूर हा सगळा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) 2000 धरा. आरओने 95 टक्के क्षार काढले तरी 100 उरतोच. शिवाय चवीसाठी बऱ्याच मशीन थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. आणि लूपमधून हळूहळू उडतं ते नुसतं पाणी. क्षार आतच राहतात. दर वेळी वरून आरओचं टाकलं की ते साचतच जातात. तांब्याच्या ब्लॉकसोबत ॲल्युमिनियमचा रेडिएटर असेल तर अशा पाण्यात ॲल्युमिनियम झपाट्याने गंजतं (ही जोडी मुळात करूच नये). लूपमध्ये भरायचं तयार द्रव, म्हणजे कूलंट, परवडत नसेल तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवाल्याकडे डिस्टिल्ड वॉटर मिळतं. सीलबंद डबाच घ्या, लेबल वाचा, कारण ॲसिडचे कॅनही तिथेच असतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये गंज आणि शेवाळ रोखणारं औषध मात्र घालावंच लागतं.

आता तीन वर्षांचं. पाणी काचेसारखं दिसतं म्हणून लोक फसतात. प्रोसेसरवरचा ब्लॉक उघडून बघा: तांब्याच्या केसाएवढ्या फटींत पांढरा चिकट थर बसलेला असतो. मऊ पीव्हीसी नळीतलं प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन) सुटून तिथे अडकतं. जुन्या मऊ टूथब्रशने तो निघतो, नुसतं पाणी बदलून निघत नाही. नळी ईपीडीएम रबराची घेतली तर हा त्रास बराच टळतो. माझ्या मते वर्षातून एकदा, मार्चच्या आत, लूप उपसावाच. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर जातो. म्हणजे लूपमधलं पाणी त्याहूनही गरम, आणि लूपमध्ये नेहमी दिसणाऱ्या डी5 पंपाला पाणी 60 अंशांपर्यंतच चालतं. त्यात जिनिंगजवळच्या घरात रेडिएटरवर कापसाचा भुगा बसला की संपलंच. तो ब्लोअरने उडवा.

पंप कोरडा मुळीच चालवू नका. त्याच्या बेअरिंगला वंगण त्या पाण्याचंच असतं. लूप रिकामा करताना आधी वीज बंद करा, प्लग काढा. मग रिझर्व्हॉयरचं वरचं झाकण उघडा, हवा आत गेल्याशिवाय पाणी धड उतरत नाही. सगळ्यात खालचा व्हॉल्व्ह सोडा आणि कॅबिनेट हळूहळू सगळ्या बाजूंनी कलवा. रेडिएटरमध्ये बरंच पाणी दडून राहतं. पुन्हा भरताना पॉवर सप्लायवर फक्त पंप जोडा, बाकी सगळ्या केबल काढलेल्या. जोडांखाली टिश्यू पेपर ठेवून काही तास गळती बघा.

काढलेलं कूलंट अंगणात किंवा नालीत ओतू नका. बऱ्याच कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकोल असतं. ते चवीला गोड, म्हणून कुत्री आणि गुरं तोंड लावतात, आणि थोड्यानेही मरू शकतात. झाकणाच्या डब्यात भरून, वर ‘विष’ लिहून, पोराबाळांपासून लांब ठेवा.