हात थकला म्हणून अक्षर का सोडायचं?

फोंड्यापासून पेडण्यापर्यंतच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘माणसाचं हस्ताक्षर काढणारे रोबो म्हणजे खोटेपणाचा कारखाना. एका चिठ्ठीवरून कोणीही तुमच्या अक्षरात मृत्युपत्र करील. ज्यांचा हात चालत नाही त्यांनी टाइप करावं. बंदी घाला.’

मृत्युपत्राची भीती गोव्यात तरी लागू पडत नाही. इथे नुसत्या अक्षरावर मृत्युपत्र उभं राहत नाही. ते विशेष नोटरीपुढे करावं लागतं. पोर्तुगीज काळापासूनची ही रीत २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यानेही राखली.

‘एका चिठ्ठीवरून’ हेही अवघड. देवनागरीत बाराखडी आहे, जोडाक्षरं आहेत, शिरोरेघ कोणी आधी ओढतो, कोणी शब्द संपल्यावर, कोणी ओढतच नाही. शिवाय कागदावरून अक्षराचा आकार कळतो. हाताची गती आणि दाब नीट टिपायला माणसाने स्वतः टॅब्लेटवर लिहून द्यावं लागतं.

‘टाइप करावं’ हे वाक्य मात्र मला फार लागलं. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक होत जातं, पुढे वाचताही येत नाही. एएलएस या मज्जातंतूंच्या आजारात बोटं निकामी होतात, पण सांगायचं ते मनात असतंच. जत्रेतल्या नाटकाच्या नकला, म्हणजे नटांच्या संवादांच्या हाती लिहिलेल्या प्रती, ज्याने जन्मभर उतरवून दिल्या, त्याला नातीला स्वतःच्या अक्षरात चार ओळी पाठवाव्याशा वाटल्या, तर त्यात फसवणूक कोणाची? शब्द तो निवडतो, यंत्र फक्त पेन धरतं. लिहिता न येणाऱ्याची निशाणी सही म्हणून चालते, हे १८९७ पासून आपल्या कायद्यात आहे. पणजीत २०२३ मध्ये दिव्यांगांचा महोत्सव, पर्पल फेस्ट, सुरू झाला तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या हक्कांबद्दल आपण अभिमानाने बोललो. आता त्यांनाच छापील अक्षरावर समाधान माना म्हणायचं?

धोका आहे, पण तो या मजकुरात आलेलाच नाही. यंत्राला दिलेले अक्षराचे नमुने कोणाकडे राहतात? कंपनीच्या सर्व्हरवर पडलेलं अक्षर उद्या कोण वापरील? आणि माणूस गेल्यावर? आजोबांनी कधी न लिहिलेलं पत्र त्यांच्या अक्षरात काढून देणं मला चूक वाटतं, मग हेतू मायेचा का असेना. त्यांचा होकार घेणार कुठून?

म्हणून मागायचं ते हे: नमुने त्या माणसाच्याच ताब्यात राहावेत, प्रत्येक मजकूर कागदावर उतरण्याआधी त्याने मंजूर करावा, सरकारी कागदावर ‘यंत्राच्या मदतीने लिहिलं’ अशी नोंद असावी, आणि त्याने आधी लेखी सांगून ठेवलं नसेल तर मृत्यूनंतर ते नमुने पुसून टाकावेत.