बारा वाजता दोन बाहुल्या आणि एक टॅब

पंचवीस मिनिटं. पंचवीस मिनिटं मी जर्मनीतल्या रोटेनबुर्ग नावाच्या जुन्या गावाच्या चौकात जुलैच्या उन्हात उभी होते, एका हातात मामींची पर्स, दुसऱ्या हातात मामांचं जॅकेट (घालायचं नव्हतं तर आणलं कशाला), आणि हे सगळं कशासाठी, तर बारा वाजले की घड्याळाच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडतात आणि आतून दोन बाहुल्या दर्शन देतात म्हणून. जागा धरून ठेवली होती मी. एसटीत रुमाल टाकून धरतात तशी. आणि बाराला एक मिनिट कमी असताना कुठूनसा एक माणूस आला, माझ्या बरोब्बर पुढे उभा राहिला आणि त्याने टॅब वर केला. टॅब! फोन नाही, चांगला ताटाएवढा टॅब, पुस्तकासारखं उघडणारं कव्हर लावलेला, आणि ते कव्हर खाली लोंबतंय, म्हणजे टॅबने जे दिसत होतं तेही कव्हरने झाकलं.

मी आधी इंग्रजीत म्हणलं एक्स्क्यूज मी. मग जर्मनमध्ये म्हणलं. मग तोंडातल्या तोंडात मराठीत जे म्हणलं ते इथे लिहीत नाही. त्याने मागे वळून एकदा छान हसून बघितलं, टॅब दोन इंच उजवीकडे सरकवला आणि डावीकडची खिडकी झाकायची ती उजवीकडची झाकली. तेवढ्यात टोल पडले, लोकांनी 'आऽऽ' केलं, आणि मी तो सगळा सोहळा त्याच्या टॅबच्या स्क्रीनवर बघितला. तोही झूम केलेला आणि हलणारा. संपल्यावर शेजारून मामांचा आवाज, "सुरू कधी होणार गं?"

झालं म्हणलं मामा. "झालं? एवढंच?" एवढंच मामा. "मग आता परत एक वाजता होईल ना? थांबू की."

आणि थांबलो आम्ही!! एका वाजेपर्यंत!

बरं, त्या बाहुल्यांमागची गोष्ट मी त्यांना ट्रेनमध्ये सांगितली होती, चौकात सांगितली होती आणि त्या मधल्या तासात तिसऱ्यांदा सांगितली. 1631, कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांचं तीस वर्षांचं युद्ध, कॅथलिकांचा सेनापती टिली गाव जिंकतो, म्हणतो जाळून टाकतो, मग त्याला वाइन पाजतात, आणि तो म्हणतो की कुणी हा सव्वातीन लिटरचा पेला एका दमात संपवून दाखवला तर गाव सोडून देतो. नुश नावाचा माजी महापौर पुढे येतो, पेला तोंडाला लावतो, संपवतो, गाव वाचतं. म्हणून एका खिडकीत टिली, दुसऱ्या खिडकीत पिणारा नुश. ही गोष्ट बहुतेक रचलेलीच आहे, पण 1881 पासून गावात तिचं नाटक करतात, आणि नाटक चाललं की गोष्ट खरी होते, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. मामांची त्यावरची प्रतिक्रिया तिन्ही वेळा तीच, "सव्वातीन लिटर म्हणजे काय विशेष नाही, आमच्या ऑफिसात एक होता..."

आता खरं सांगते, राग एकट्या टॅबवाल्यावर नाहीये. या वर्षातली ही माझी चौथी रोटेनबुर्ग वारी. चौथी! न्युर्नबर्गला राहायचं म्हणजे हा भोग कपाळी लिहिलेलाच. जो येतो त्याला किल्ला दाखवून झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाता खाता विचारतो, "इथून जवळ काही जुनं गाव आहे म्हणे?" आणि नवरा, जो तोपर्यंत पेपरात तोंड खुपसून बसलेला असतो, तो लगेच मान वर करतो, "हो हो, ही नेते ना तुम्हाला." ही नेते! मामा-मामी कुणाचे? त्याचे. शनिवारी ऑफिसचं अर्जंट काम कुणाला निघालं? त्याला. मागच्या वेळी त्याचा कॉलेजचा मित्र सहकुटुंब आला होता तेव्हाही शनिवारीच काम निघालं होतं. हा विषय मी इथे वाढवत नाही, घरी वाढवलेला आहे.

तर जायचं कसं, न्युर्नबर्गहून आन्सबाख, तिथे बदला, मग श्टाइनाख, तिथे बदला, मग ती छोटी गाडी. दोनदा गाडी बदलायची, आणि दोन्ही वेळा मामींना वाटतं की आलं रोटेनबुर्ग. (मामी त्याला 'रोटीनबर्ग' म्हणतात, आणि आता माझ्याही तोंडात तेच बसलंय.) छोट्या गाडीत बघावं तर सगळे आपलेच भाऊबंद. पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर 'चार वाजता परत निघायचंय'. रोडर दरवाजातून आत शिरलं की बसमधून उतरलेले ग्रुप येऊन मिळतात, पुढे छत्री उंच धरलेला गाइड, मागे कानात यंत्र घातलेली चाळीस माणसं, आणि ही चाळीस माणसं चालतात कशी तर लग्नाच्या वरातीसारखी, चार पावलं पुढे, थांबा, दोन मागे. अकरा हजार वस्तीचं गाव हो ते! घरांना पडदे आहेत, पडद्यामागे माणसं राहतात, त्यांनाही कधीतरी दूध आणायला बाहेर पडायचं असेल.

आणि ती फरसबंदी. चित्रात फार सुंदर दिसते. मामींना मी आठ दिवस आधीपासून सांगत होते की मामी बूट घाला. मामींनी घातल्या नवीन सँडल, कारण "फोटोत बूट चांगले दिसत नाहीत गं." मग प्लोनलाइनपर्यंतचा उतार आम्ही कसा उतरलो ते विचारू नका, माझ्या दंडावर अजून पाच बोटांचे वळ आहेत.

प्लोनलाइन म्हणजे तुम्ही ज्या फोटोत रोटेनबुर्ग बघितलंय तोच कोपरा. रस्त्याला दोन फाटे फुटतात, मधे ते पिवळं लाकडी चौकटींचं तिरकं घर, पुढे कारंजं, एक रस्ता चढून बुरुजाकडे, दुसरा उतरून दुसऱ्या दरवाजाकडे. सगळ्या जगाला तिथे एकट्याचा फोटो हवा असतो. एकट्याचा! दीडशे माणसं अर्धवर्तुळात उभी राहून प्रत्येक जण बाकीच्या एकशे एकोणपन्नास जणांनी बाजूला व्हावं म्हणून वाट बघतोय. त्यात तो चालू रस्ता आहे, मधूनच एखादी गाडी येते, सगळे भिंतीला चिकटतात, गाडी गेली की परत पसरतात. एक मुलगी पांढरा झगा घालून, ट्रायपॉड लावून, गोल गिरकी घेत होती. पाच गिरक्या मोजल्या मी. सहावीच्या वेळी मामी सरळ चालत फ्रेममध्ये गेल्या आणि कारंज्याच्या कट्ट्यावर बसल्या, पाय दुखतात म्हणून. अख्ख्या दिवसात मला मामींबद्दल इतकं प्रेम कधी वाटलं नाही.

मग तो श्नेबाल. म्हणजे बर्फाचा गोळा. पिठाच्या पट्ट्या लाटायच्या, कातायच्या, गुंडाळून गोल साच्यात धरून तळायच्या आणि वर पिठीसाखर. काचेमागे रचून ठेवलेले फार गोड दिसतात. मामींनी एक घास घेतला, दोन मिनिटं चावत राहिल्या आणि निकाल दिला, "शंकरपाळी आहे. मोहन कमी पडलंय." विषय संपला. त्यानंतर तो गोळा कुणी संपवायचा, तर अर्थातच ज्या बाईने काळा टॉप घातलाय तिने. रोटेनबुर्गात दुपारी अडीचनंतर कुणीही बघा, छातीवर पिठीसाखर असते. त्यावरून ओळखावं, हा सकाळी आला आणि संध्याकाळी जाणार.

वर्षभर नाताळ मांडून बसलेल्या दुकानांबद्दल मी बोलणारच नव्हते. बाहेर एकतीस डिग्री, आत बर्फ लावलेली झाडं आणि घंटा. मामी एक तास दहा मिनिटं आत होत्या. मी बाहेर पायरीवर बसून मनात भाषण तयार करत होते, या असल्या दुकानांनी गावाचं काय करून टाकलंय वगैरे, फार मुद्देसूद भाषण होतं, आणि मग ऊन लागलं म्हणून आत गेले आणि लाकडाचा एक छोटा कंदीलवाला पहारेकरी घेऊन बाहेर आले. तीन आहेत आता घरी. असो.

तो कंदीलवाला खराखुरा पण असतो. रात्री काळा झगा घालून, हातात कंदील घेऊन गावातून फिरवतो, गोष्टी सांगतो, म्हणतात फार मजा येते. म्हणतात! मी चारदा गेले, एकदाही ऐकला नाही, कारण तो येतो रात्री आणि आपण निघतो दुपारी चारला. बसेस गेल्या की गाव मोकळं होतं, दिवे लागतात, तेव्हा कुठे ते बघण्यासारखं होतं, आणि आपण तेव्हा श्टाइनाखच्या फलाटावर चिप्स खात उभे.

तटावर चढलो. वर लाकडी छप्पर, खाली जेमतेम दोन माणसांची वाट, समोरून येणारा आणि आपण असे पोटं आत घेऊन एकमेकांना ओलांडतो. तुळया खाली आहेत, मामांचं डोकं दोनदा आपटलं, दोन्ही वेळा माझ्याकडे रागाने बघितलं, जणू मीच बांधलंय. भिंतीत जागोजाग नावांचे दगड आहेत. मामा वाचत वाचत चालले, कुठे कंपन्या, कुठे माणसं, बरीच जपानी नावं. "ही कोण?" म्हणलं ज्यांनी मीटर-मीटर भिंतीचे पैसे दिले ते. 31 मार्च 1945 ला बॉम्ब पडले, पूर्वेकडचा भाग उद्ध्वस्त झाला, गावाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग गेला, मग जगभरातून वर्गणी आली आणि परत जसंच्या तसं बांधलं. मामा थांबले. तुळईखाली नीट वाकून, डोकं सांभाळून थांबले.

"म्हणजे ही भिंत माझ्यापेक्षा लहान आहे?"

मामांचा जन्म 1944 चा. काय बोलणार. "तसं नाही, मूळची..." असं मी काहीतरी सुरू केलं, मग म्हणलं हो मामा. आणि तो माणूस पुढचा दिवसभर प्रत्येक दगडाला हात लावून विचारत होता, "हा माझ्यापेक्षा मोठा का?" जुनी घरं टिकली ती का, तर त्या तीस वर्षांच्या युद्धानंतर गाव इतकं गरीब झालं की पाडून नवीन बांधायला पैसेच नव्हते, हे मी सांगून पाहिलं. त्यावर "मग आपल्या वाड्यांची हीच कथा, फक्त आपण ते पाडले." हे मात्र पटलं, पण तेव्हा मी कबूल केलं नाही.

मध्ये फक्त दहा मिनिटं बरी गेली. याकोब चर्चला तिकीट आहे म्हणून मामा बाहेर बसले, मामींचे पाय, म्हणून त्याही. मी एकटी आत गेले, ऑर्गनच्या मागे जिना चढून वर, जिथे रिमेनश्नायडर नावाच्या शिल्पकाराने तिकडच्या लिंडन झाडाच्या लाकडात कोरलेली वेदी आहे. पाचशेच्या वर वर्षं झाली. येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं भोजन आहे, पण मध्यभागी येशू नाही, त्याला पैशांसाठी धरून देणारा यहूदा उभा आहे, हातात पैशांची पिशवी. रंगच दिलेला नाही, मागच्या खिडक्यांतून उजेड येतो आणि लाकडाचे केस, बोटं, कपड्यांच्या घड्या असं वाटतं आत्ता हलतील. वर कुणीच नव्हतं. खाली चौकात हजार माणसं दोन बाहुल्यांसाठी माना वर करून उभी आणि इथे हे, रिकामं. मग फोन वाजला. "अगं इथे टॉयलेटला पन्नास सेंटच लागतात, तुझ्याकडे सुट्टे आहेत का?"

गुन्ह्यांच्या म्युझियमबाहेर एक पिंजरा लटकवलाय, वजनात कमी पाव विकणाऱ्याला त्यात घालून पाण्यात बुडवायचे. आत लोखंडी मुखवटे आहेत, चुगलखोरांना, तोंडाळांना घालायचे आणि गावभर फिरवायचे. मी टॅबवाल्यासाठी पिंजरा मनात पक्का केला होता. मुखवटे बघताना मामा म्हणाले, "तुझ्या मापाचा आहे बघ एक, सकाळपासून काय कटकट लावलीयेस." आणि हसले. मामीही हसल्या. मीही हसले, काय करणार.

खरा घाव रात्री बसला. मामांनी फॅमिली ग्रुपवर चौसष्ट फोटो आणि एक व्हिडिओ टाकला. एक वाजताच्या घड्याळाचा. बघितला मी. टोल पडतात, खिडक्या उघडतात, आणि बरोब्बर मधोमध, टिलीच्या तोंडासमोर, एक हात. फोन उंच धरलेला. हाताला मामींची पर्स लटकतेय. मागून एक बाई जर्मनमध्ये काहीतरी म्हणते, ते मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं, आता तीनदा ऐकलं आणि नीट कळलं.

त्याखाली नणंदेचा मेसेज. "किती गोड गाव! वहिनी, आम्ही सप्टेंबरात येतोय, नक्की न्या." मी लगेच लिहिलं, या ना, पण एक रात्र तिथेच राहू या, रात्रीचा पहारेकरी असतो, गर्दी नसते, खरं गाव तेव्हाच दिसतं.

पाच मिनिटांनी उत्तर आलं. "अगं राहायचं कशाला, दिवसात होतं की."