भातकोंड्याच्या केशतेलाविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या भातकोंड्याच्या केशतेलाला आपण एकच तारा दिला आहे आणि त्याची कारणेही स्पष्ट लिहिली आहेत. गिरणीत म्हशींसाठी पोत्याने मिळणारा कोंडा वापरून 200 मिलिलिटरला 380 रुपये घेतले जातात, थंडीत बाटलीच्या तळाशी गाळ बसतो, तेलाला वास येतो, आणि तापातून उठल्यावर सुरू झालेली केसगळती दोन महिने तेल लावूनही थांबली नाही, असे आपले म्हणणे आहे. हे तेल घेणाऱ्या इतरांच्या मनातही हेच प्रश्न असणार, म्हणून येथेच सविस्तर लिहितो.

कोंडा म्हशींना घालतात हे खरेच आहे, आणि बेळगाव-खानापूर भागात ज्याच्या गोठ्यात दुभते जनावर आहे त्याला कोंड्याचे मोल सांगावे लागत नाही. भात गिरणीत गेले की आधी तूस निघते आणि मग दाण्याला पॉलिश करताना त्यावरचा तपकिरी थर कोंडा होऊन सुटतो. 100 किलो भातामागे साधारण 20 किलो तूस आणि 8 किलोच्या आसपास कोंडा पडतो. उरलेला पांढरा तांदूळ बहुतांश पिष्टाचा असतो, तर स्निग्धांश, ई जीवनसत्त्व आणि ओरायझेनॉल यांचा मोठा वाटा या कोंड्यातच असतो. ओरायझेनॉल हे 1954 मध्ये जपानी संशोधकांनी कोंड्याच्या तेलातून प्रथम वेगळे केले. फेरुलिक आम्ल आणि वनस्पतीतील स्टेरॉल यांच्या संयोगाने बनलेला हा घटक तेलाचे ऑक्सिडीकरण मंदावतो आणि उन्हातील अतिनील किरणांचा काही भाग शोषून घेतो. खाद्यतेल क्षाराने शुद्ध करण्याच्या पद्धतीत त्यातील बराचसा भाग निघून जातो, म्हणून आम्ही आमचे तेल तसे शुद्ध न करता केवळ गाळून घेतो.

किमतीचे कारणही कोंड्याच्या स्वभावातच आहे. दाण्यापासून सुटल्याबरोबर कोंड्यातील लायपेज हे विकर तेलाचे विघटन सुरू करते आणि काही दिवसांतच तो खवट होतो. हे थांबवायचे तर त्याच दिवशी कोंड्याला उष्णता द्यावी लागते, म्हणून गिरणी चालू असतानाच आमची माणसे पोती उचलतात आणि संध्याकाळच्या आत कोंडा वाफवून वाळवण्यास घेतला जातो. शिवाय जुन्या हलरच्या गिरणीत तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर पडतात, त्यामुळे तो माल आम्हाला चालत नाही. चिमूटभर कोंडा बोटांत चोळला की फरक लगेच कळतो, कारण तुसाचे कण टोचतात आणि निव्वळ कोंडा मऊ लागून बोटांवर तेलकटपणा ठेवून जातो. कोंड्यात 15 ते 20 टक्के तेल असते, पण ते पुरते काढण्यासाठी मोठे कारखाने हेक्झेनसारखे द्रावक वापरतात. आम्ही केवळ दाबाने तेल काढतो, त्यामुळे हाती येणारे तेल कमी आणि खर्च जास्त. मागे राहिलेली पेंड याच भागातील गोठ्यांत जाते, तेव्हा म्हशींचा घास बाटलीत गेला असे होत नाही.

तळाच्या गाळाविषयी सांगायचे तर कोंड्याच्या तेलात नैसर्गिक मेण असते आणि बेळगावच्या थंडीत ते गोठून खाली बसते. त्यातच आमच्या मिश्रणात निम्मे खोबरेल आहे, कारण खोबरेलातील लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरून धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, आणि हे काम कोंड्याचे तेल तितके करू शकत नाही. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. बाटली थोडा वेळ चांगल्या गरम पाण्यात ठेवून पाहावी. मेण आणि खोबरेल असेल तर तेल बरेचसे निवळेल, कचरा असेल तर तो तसाच राहील.

केसगळतीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मोठ्या तापानंतर केसांची अनेक मुळे एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि ते केस दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात. बहुतेकांच्या बाबतीत ही गळती सहा महिन्यांच्या आत आपोआप कमी होते. ती थांबवण्याची ताकद आमच्या तेलात नाही आणि बाटलीवर आम्ही तसे कोठेही लिहिलेले नाही. टक्कल बरे करण्याचा दावा औषधानेही करू नये, असे 1945 च्या औषध नियमांतील ‘जे’ (J) ही अनुसूची सांगते. आमचे तेल तर सौंदर्यप्रसाधन आहे. कोंड्याच्या अर्कावर कोरियात झालेल्या प्रयोगांचे दाखले अनेक विक्रेते देतात, पण तो अर्क उच्च दाबाखालील कार्बन डायऑक्साइडने काढलेला होता, आणि त्याचे श्रेय दाबून काढलेल्या तेलाने घेणे मला पटत नाही. आमच्या तेलाने टाळूचा कोरडेपणा कमी होतो आणि विंचरताना केस कमी तुटतात, एवढेच मी खात्रीने सांगू शकतो. आपली गळती सहा महिन्यांपलीकडे चालली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून रक्तातील लोह आणि थायरॉइड तपासून घ्यावे, ही मनापासून विनंती.

डोक्यात खवडे किंवा खाज असेल तर हे तेल रात्रभर ठेवू नये. टाळूवरील मॅलासेझिया ही बुरशी तेलातील मेदाम्लांवर वाढते, आणि कोंड्याच्या तेलात ओलिक आम्ल सुमारे 40 टक्के असल्याने चिडचिड वाढू शकते. अशा वेळी केवळ केसांच्या टोकांना लावून तासाभरात धुवावे.

राहिला वासाचा प्रश्न. ताज्या तेलाला भाजलेल्या धान्यासारखा वास असतो आणि तो पहिल्यांदा वापरणाऱ्याला उग्र वाटू शकतो. मात्र जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास येत असेल, तर ते तेल मुळीच लावू नका आणि बाटली खानापूर रस्त्यावरील आमच्या केंद्रावर घेऊन या. झाकणाखाली छापलेल्या क्रमांकाचा नमुना आम्ही राखून ठेवलेला असतो. तेल खवट झाले की त्याची आम्लता वाढते, म्हणून दोन्हींची आम्लता आपल्यासमोर मोजू, आणि आपल्या बाटलीची जास्त निघाली तर पूर्ण रक्कम तेथेच परत करू.